सेकंदाला दोन बुडबुडे

"हे चाक दिसतंय ना आप्पा? याला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत."

"काहीही झालं तरी."

"आरं, न्हाई लावत म्हनलं ना. लिहून देऊ का?"

शुक्रवारची सकाळ होती. शैला, माझी बायको, बॅगा दारात ठेवून सारखी घड्याळाकडे बघत होती. शनिवारी लातूरला तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं. साताऱ्याहून गाडीनं सहा-सात तासांचा रस्ता, आणि मी अजून हॉलमध्ये टाकीसमोर उकिडवा बसून माझ्या बहात्तर वर्षांच्या वडिलांना शिकवत होतो. शिकवायची मला खोडच होती. पॉलिटेक्निकमध्ये सहा तास शिकवून पोट भरत नसे, घरी येऊनही मी शिकवतच असे.

टाकी चार फुटांची होती. तळाला काळी माती, तीवर हिरव्या गवताचा गालिचा, मध्ये एक वाकडं लाकूड, मागे लालसर पानांची झाडी, आणि या सगळ्यातून फिरणारे चाळीस निऑन मासे. मासे बोटाच्या पेरापेक्षा मोठे नव्हते, पण अंगावरची निळी रेघ अशी की आलेला पाहुणा चहा विसरायचा. झाडं पाण्याखाली वाढायची तर त्यांना कार्बन डायऑक्साइड द्यावा लागतो. त्याचा सिलिंडर टाकीखालच्या कपाटात होता. सकाळी सातला दिव्याबरोबर गॅस आपोआप सुरू व्हायचा, दुपारी तीनला बंद. एका काचेच्या नळीत त्याचे बुडबुडे मोजता यायचे. सेकंदाला दोन. कमी झाले तर झाडं खुरटतात, फार झाले तर माशांचा श्वास कोंडतो. ते कमीजास्त करायचं ते हे चाक.

आणि रविवारी दुपारी बाराला पुण्याच्या एका हौशी मंडळाचे परीक्षक टाकी बघायला घरी येणार होते. आठ महिने मी त्यासाठी झिजलो होतो. मी एकटाच झिजलो होतो असं मला तेव्हा वाटत होतं.

बूट घालून झाले. जिना उतरताना काहीतरी आठवलं म्हणून मी परत वर गेलो, मिनिटभरात आलो, आणि आम्ही निघालो.

आप्पांबद्दल सांगायला हवं. यशवंत लोहार. एका नगरपालिकेच्या फिल्टर हाऊसवर चौतीस वर्षं ऑपरेटर. नदीचं गढूळ पाणी आत घ्यायचं, निवळायचं, गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि पहाटे गावाला सोडायचं. यंत्र बिघडलं की पिंपात ब्लीचिंग कालवून ते थेंबाथेंबानं सोडायचं, आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मनगटावरच्या घड्याळावर मोजायचं. चौतीस वर्षांत गावात पाण्यामुळे साथ आली नाही, एवढी एकच गोष्ट ते स्वतःबद्दल सांगत. बाकी स्वतःबद्दल त्यांना बोलता येत नसे.

आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याला आणलं. पहिले सहा महिने ते गॅलरीत नुसते बसून असत. मग आमच्या सोसायटीत काविळीचे चार पेशंट निघाले. आप्पांनी एका सकाळी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "ह्यात काय न्हाई. क्लोरीनचा पत्ताच न्हाई." ट्रंकेतून त्यांनी काचेची नळी आणि औषधाची बाटली काढली. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. आमच्या पाण्याला रंगच आला नाही. आप्पांनी ती नळी चेअरमन शिंत्र्यांच्या नाकासमोर धरली. दुसऱ्या दिवसापासून जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाची किल्ली आप्पांच्या करगोट्याला आली.

तेव्हापासून रोज सकाळी आठला आप्पा खाली उतरत, नळी उन्हाकडे धरून पिवळा रंग बघत आणि वर गॅलरीत उभ्या असलेल्या बायकांना हात करून म्हणत, "चालू द्या." मग छत्तीस घरांत हंडे भरले जात. पोरं त्यांना पाणीआप्पा म्हणायची. मला त्याची थोडी लाज वाटायची. पॉलिटेक्निकच्या सरांचा बाप बादली घेऊन टाकीत उतरतो, हे मला जरा खुपत होतं. आज हे लिहितानाही ते वाक्य खोडावंसं वाटतंय, पण राहू दे.

माझी काचेची टाकी आली तेव्हा आप्पा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. सहा आठवडे तीत मासा नव्हता. नुसतं पाणी, झाडं आणि फिल्टर.

"मासं कवा?" त्यांनी विचारलं.

मी लगेच जणू फळ्यासमोर उभा राहिलो. फिल्टरच्या स्पंजावर जिवाणू वाढावे लागतात, ते माशांची घाण पचवतात, ते वाढायच्या आत मासे टाकले तर मरतात, वगैरे.

"म्हंजे आमच्या वाळूवानी," आप्पा म्हणाले. "नव्या वाळूतनं पानी कवाच नीट येत न्हाई. तिच्यावर चिकटा धराय लागतो. साहेब लोक आले की म्हनायचे, वाळू धुवून लख्ख करा. म्या हो म्हनायचो आनि करायचो न्हाई."

जे पुस्तक वाचून कळायला मला दोन महिने लागले होते ते त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. मी विषय बदलला.

दर आठवड्याला पाणी बदलायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना विष, म्हणून आदल्या दिवशी सहा बादल्या भरून बाथरूममध्ये ठेवायचे, त्यात हवेची नळी सोडायचे आणि ओतण्याआधी आपले थेंब टाकून बघायचे. "खाली पिवळं झालं पायजे, वर पिवळं व्हता कामा नये," असं म्हणून ते हसायचे. आठ महिन्यांत एकदाही चूक नाही. हे मला ठाऊक होतं. पुढे जे झालं ते हे ठाऊक असताना झालं.

शनिवारी दुपारी लातूरला अक्षता पडून पंगत बसली होती. बँडवाले मांडवातच उभे राहून वाजवत होते. आप्पांचा फोन आला.

"मासं वर येऊन त्वांड उघडत्यात रं. सगळी. कालपन दुपारी वर आलती. त्ये गॅसचं..."

"काय? ऐकू येत नाही!"

"म्हनलं गॅसचं चाक..."

"आप्पा, चाकाला हात लावू नका म्हटलंय ना? कशालाच लावू नका. भूक लागली असेल त्यांना. उद्या येतोच मी."

"आरं पर..."

मी फोन ठेवला. शैलानं विचारलं, "काय म्हणतायत?"

"काही नाही. करमत नसेल एकट्यांना," मी म्हणालो आणि जिलबी वाढून घेतली. त्यानंतर दोनदा फोन थरथरला. मी तो खिशातच बंद केला.

रविवारी पहाटे निघून साडेअकराला घरी पोचलो. दार उघडंच होतं. हॉलमध्ये चेअरमन शिंत्रे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. परीक्षक येणार म्हणजे सोसायटीचा मान, म्हणून ते स्वागताला अर्धा तास आधीच आले होते. त्यांच्यासमोर आप्पा खुर्चीत, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. टीपॉयवर स्टीलची परात, तीवर ओलं फडकं.

फडकं मी उचललं. निऑन मेले की त्यांची निळी रेघ विझते. परातीत नुसती करड्या रंगाची पेर-पेरभर लांबीची मासळी पडली होती. टाकीत लाकडाच्या आड दोन जिवंत होते.

"काल सांजच्याला गेली," आप्पा म्हणाले. "निम्मं पानी बदाललं म्या. वाटलं जरा..."

"पाणी बदललं? मी काय सांगितलं होतं? कशालाही हात लावू नका! नळाचं सरळ ओतलंत ना?"

"बादलीतलं व्हतं. परवापास्नं भरून..."

"बादलीतलं! चौतीस वर्षं गावाला पाणी पाजलंत आणि सहा बादल्या कळल्या नाहीत तुम्हाला? आता नाकाला वास येत नाही तुमच्या, डोळ्याला रंग दिसत नाही, कबूल का करत नाही? वय झालं की माणसानं गप बसावं एका जागी!"

शैला बॅग हातात घेऊन दारातच थांबली होती. "अहो," एवढंच ती म्हणाली.

आप्पांनी एकदा शिंत्र्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "बरं," ते म्हणाले, खुर्चीचे हात धरून उठले आणि आतल्या खोलीत गेले.

मी टाकीपाशी गेलो. टाकीच्या आत कोपऱ्यात काचेची एक लहान बोंडी चिकटवलेली असते. पाण्यात गॅस किती आहे ते तिच्यातल्या औषधाच्या रंगावरून कळतं. निळं म्हणजे कमी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जास्त. बोंडी लिंबासारखी पिवळीधमक झाली होती.

मी खाली वाकून कपाट उघडलं. नळीतून बुडबुडे मला नुसत्या नजरेनं मोजता येऊ नयेत इतके भराभर धावत होते.

शुक्रवारी सकाळी, बूट घातल्यावर, मी त्याच चाकासाठी परत वर आलो होतो. दोन दिवस गॅस जरा जास्त मिळाला तर परीक्षक येतील तोवर मागची लाल झाडी तकतकीत दिसेल, प्रत्येक पानावर हवेचे मणी चढतील, असा विचार जिन्यात मनात आला होता. चाक मी सैल केलं. बुडबुडे मोजायला वेळ नव्हता, शैला खालून हाका मारत होती.

कपाटात डोकं घालून मी चाक पुन्हा आवळलं. सेकंदाला दोन. हे सगळं करायला पंधरा सेकंद लागले असतील. कपाटाचं दार लावून वर झालो तर शिंत्रे पाठीशी उभे.

"काय झालं असेल हो सर?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "पाणीच ना?"

अजूनही मला वाटतं की त्या वेळी मी विचार केला असता तर वेगळं बोललो असतो. पण ते खोटं आहे. विचार मी केला. हॉलमधून आतल्या खोलीचा पडदा दिसत होता, पडद्याखाली आप्पांचे पाय दिसत होते. ते पलंगावर बसले होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं हे मला ठाऊक होतं.

"पाणीच," मी म्हणालो. "क्लोरीन."

शिंत्र्यांनी खिडकीतून खाली, जमिनीतल्या टाकीच्या झाकणाकडे बघितलं.

हात धुवायला बाथरूममध्ये गेलो. दोन बादल्या भरलेल्या उरल्या होत्या. एकीत हवेची नळी अजून फसफसत होती. आरशाखालच्या फळीवर आप्पांची काचेची नळी उभी होती, थेंब टाकलेली. तिच्यातलं पाणी स्वच्छ होतं, पिवळेपणाचा मागमूस नव्हता. मी ती नळी बेसिनमध्ये ओतली आणि विसळून ठेवली.

बाराला परीक्षक आले. एक बाई आणि एक गृहस्थ, दोघंही अगदी सभ्य. बाईंनी विचारलं, "मासे?" मी म्हणालो, "वडिलांच्या हातून पाण्यात चूक झाली." बाई म्हणाल्या, "वाईट झालं, पण झाडं काय सुंदर आहेत हो! मोती लागल्यासारखी." खरंच होतं ते. पान न् पान हवेच्या मण्यांनी भरलं होतं. पंधरा दिवसांनी टपालानं प्रशस्तिपत्र आलं. वनस्पतींच्या उत्कृष्ट वाढीसाठी. शैलानं त्याला चौकट केली. भिंतीत खिळा आप्पांनी ठोकला, कारण मला तो कधीच सरळ ठोकता आला नाही.

त्याच आठवड्यात शिंत्रे घरी आले. बोलणं साखरेत घोळलेलं. "आप्पा, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण आता वयाला त्रास नको. लहान मुलं आहेत सोसायटीत, उद्या काही कमीजास्त झालं तर तुमच्याच जिवाला लागेल. एजन्सी नेमतोय आपण."

आप्पांनी करगोट्यातून किल्ली सोडवली. गाठ घट्ट बसली होती, त्यांना ती सुटेना. मी शेजारीच बसलो होतो. शेवटी शैलानं सोडवून दिली.

"एजन्सीवाल्याला सांगा," आप्पा म्हणाले, "दक्षिनंकडच्या कोपऱ्यात गाळ बसतो. तिथं हात घालाय लागतो." शिंत्रे म्हणाले, "हो, हो," आणि किल्ली घेऊन गेले. शिंत्रे जिना उतरेपर्यंत मला चांगली दोन मिनिटं होती.

आप्पा पुन्हा गॅलरीत बसायला लागले. सकाळी आठला त्यांचे पाय आपोआप चपलांकडे जात, मग ते परत येऊन बसत. बायका घरोघरी हंडे भरायच्या आणि आमच्या गॅलरीकडे बघायच्या नाहीत. मी टाकीत नवे निऑन आणले. पाणी आता मीच बदलत होतो. आप्पांनी खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड केलं होतं.

असे चार महिने गेले. माणूस कशालाही सरावतो, पण मी सरावलो नाही. जेवताना आप्पा समोर असले की मी ताटातून मान वर करत नसे. आप्पा तर नेहमीसारखे, "भाकरी घे अजून," म्हणायचे. त्यांनी एकदा तरी रागवावं म्हणून मी वाट बघत होतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी शैला बाजारात गेली होती. मी गॅलरीत जाऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो.

"आप्पा, त्या दिवशी... मासे मेले ते पाण्यानं नव्हे."

"ठावं हाय."

मी वर बघितलं. ते रस्त्याकडेच बघत होते.

"गॅस जास्त झाला होता. जाताना मी..."

"पाच व्हते," आप्पा म्हणाले. "सेकंदाला पाच. शुक्रवारीच मोजलं म्या, घड्याळ लावून. म्हनलं, पोरानं परीक्षेसाठी वाढवलं असंल, त्याला जास्त कळतं. शनवारी फोन केला तर तू हात लावू नगं म्हनलास. मग माझ्या हातात पानीच र्‍हायलं. त्येच बदलत बसलो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? शिंत्र्यांसमोर?"

"काय बोलू? माझ्या पोराची चूक हाय म्हनू?" त्यांनी नाक शिंकरलं आणि धोतराच्या सोग्याला हात पुसला. "तू बोलशील म्हनून थांबलो व्हतो."

"इतके महिने?"

"न्हाई. दोन दिस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, त्या पाण्यात स्वतःची कीवच जास्त होती. मी उठलो. "आत्ता जातो. शिंत्र्यांना सांगून येतो सगळं."

आप्पांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. ते पाठीत जरा ताठ झाले. पाय लांबवून त्यांनी माझ्या चपला पुढे सरकवल्या.

शिंत्रे दुसऱ्या मजल्यावर राहत. दार त्यांनीच उघडलं. "या सर, या! अहो, तुमची आठवण काढत होतो. आमच्या भाच्याला टाकी करायचीय, तुमच्यासारखी. म्हटलं साताऱ्यात सर सोडून कुणाला विचारायचं?" भाचा सोफ्यावरून उठून उभा राहिला. त्यानं मला नमस्कार केला. शिंत्रे त्याला म्हणाले, "हेच ते. पुण्याचं प्रशस्तिपत्र आहे यांच्याकडे."

मी बसलो. चहा आला. मी त्या भाच्याला सांगितलं की आधी सहा आठवडे मासे टाकायचे नाहीत. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. गॅस सेकंदाला दोनच बुडबुडे, त्यावर नाही, कारण जरा जास्त झाला तर मासे जातात. तो वहीत लिहून घेत होता. "सर, तुमच्या हातून कधी असं झालं?" त्यानं विचारलं.

शिंत्रे कप खाली ठेवून माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो.

चहा चांगला होता. मी दुसरा अर्धा कपही घेतला. मग लिफ्टबद्दल काहीतरी बोललो आणि वर आलो.

शैला बाजारातून परत आली होती, ओट्यापाशी भाजी काढत होती. आप्पा गॅलरीतून उठून दारापर्यंत आलेले होते, भिंतीला हात धरून. अंगात धुतलेला सदरा घातला होता. बहुधा शिंत्रे माझ्याबरोबर वर येतील असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खाली वाकून चपलांचा पट्टा सोडायला लागलो. त्या चपलांना पट्टा नव्हता.

आप्पा माठापाशी गेले, पेला भरला, आणि सवयीनं तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग तसाच खाली घेतला.

"शैला," ते म्हणाले, "ह्ये पानी पिऊ का गं म्या?"

"हे काय विचारणं आप्पा?" शैला हसून म्हणाली. "प्या की!"

त्यानंतर आप्पा सात वर्षं जगले. प्रत्येक पेल्याला त्यांनी विचारलं. तिला ते म्हातारपण वाटायचं. मी घरात असलो की ते जरा मोठ्यानं विचारायचे.